शेवटून तिसरा

घडीमावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण इस्पितळातली लांबलचक इंग्रजी नावं तिच्याइतकी कुणाच्याच हाताखालून गेली नसतील. सव्वीस वर्षं ती चादरींच्या खोलीत होती. धुऊन आलेली चादर झटकायची, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची, आणि नवी चादर आली की तिच्या कडेला विभागाचं नाव काळ्या पक्क्या शाईनं उमटवायचं, हे तिचं काम. सगळे तिला घडीमावशीच म्हणत. पगारपत्रकावरचं नाव तिला स्वतःलाही सही करतानाच आठवायचं.

नाव उमटवायला पत्र्याच्या स्टेन्सिली होत्या. नावं इतकी लांब की एका पत्र्यात मावत नसत, म्हणून तुकडे केलेले. ‘कार्डिओ’ एक पत्रा, ‘न्यूरो’ एक पत्रा, ‘डर्मॅटो’ एक, आणि ‘लॉजी’ हा पत्रा सगळ्यांना मिळून एकच. तो ज्याच्यापुढे ठेवाल त्याचा विभाग होई. गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीला तीन पत्रे लागत. एक पत्रा ठेवायचा, ब्रश फिरवायचा, उचलायचा, शाई वाळेपर्यंत मनात चार आकडे मोजायचे, मग पुढचा पत्रा. घाई केली की शाई फासलीच. कुठला पत्रा कसा वाचायचा हे एका म्हाताऱ्या नर्सनं तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि त्या जोरावर मावशी स्वतःला अर्धी डॉक्टर समजत असे. उरलेली अर्धी समजायला कुणाची हरकत नव्हती, कारण तिला कुणी विचारतच नव्हतं.

मग एके दिवशी वरून आदेश आला. धुलाईचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे, चादरी तिकडूनच नावं छापून येणार, खोली बंद. मावशीची बदली शहराबाहेरच्या शाखेत. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि मधे बस बदलायची ती वेगळी.

दुसरं कुणी असतं तर कुरकुर करून गेलं असतं. मावशीला जाणं शक्यच नव्हतं, कारण घरी ताई होती.

ताई तिची थोरली बहीण. मोजे विणायच्या कारखान्यात जन्म घालवून तिनं धाकटीला वाढवलं होतं. चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले, आणि त्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. “लोकांनी मला बघायचं आणि मला ते दिसायचे नाहीत, हा कुठला न्याय?” असं म्हणून तिनं विषय मिटवला होता. तिला दिवसातून तीनदा जेवणाआधी इंजेक्शन लागायचं. सिरिंजवरच्या बारीक रेघा तिला दिसणार कशा? सकाळचं आणि संध्याकाळचं मावशी घरी असतानाच होई. दुपारच्यासाठी मावशी साडेबाराला चादरींच्या खोलीतून गुपचूप सटके. घर इस्पितळाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. इंजेक्शन, जेवण, ताईची दोन टोचून बोलणी, आणि एकला परत. चार वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. चादरींच्या खोलीतली बाई अर्धा तास नाहीशी झाली तर कुणाच्या लक्षात येणार?

तेव्हा मावशी अधीक्षक साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बाहेरच्या शेडमध्ये माईकवर बसून रुग्णांना कुठल्या विभागात जायचं ते पुकारणारी बाई नुकतीच निवृत्त झाली होती.

“मला बसवा साहेब माईकवर,” ती म्हणाली. “सगळी नावं मला पाठ आहेत.”

साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त सदा घाईत असायचा. त्यांनी तिला तिथल्या तिथं माईकसमोर बसवलं आणि हातात चिठ्ठी दिली.

मावशीनं घसा साफ केला. “सात नंबर,” ती म्हणाली. “गॅस्ट्रो.” आणि थांबली. मनात चार आकडे मोजले. “एन्टेरो.” पुन्हा चार. “लॉजी.”

शेडमध्ये एकच गोंधळ उडाला. ‘गॅस्ट्रो’ला पोटाची माणसं उठली. पुढे काहीतरी भलतंच आलं म्हणून परत बसली. ‘लॉजी’ला मेंदूचा एक, त्वचेचे दोन आणि एक नातेवाईक असे चौघे उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले. ज्याचा सात नंबर होता तो पाण्याच्या नळाशी होता.

“बाई, शब्दाच्या मधे थांबता कशाला?” साहेबांनी विचारलं.

“शाई वाळायला नको?” मावशी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच कळेना की कुठली शाई.

साहेबांनी कपाळाला हात लावला. तरी त्यांनी आठ दिवस दिले. इस्पितळात ज्यांची वाचा गेली आहे त्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या, त्यांच्याकडे रोज अर्धा तास जायचं, आणि आठव्या दिवशी परीक्षा. जमलं तर माईक, नाही तर शहराबाहेर.

स्पीचवाल्या मॅडम हौशी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मावशीला स्वतःच्या हनुवटीखाली हाताची पालथी बाजू धरायला लावली. “आता शब्द म्हणा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. त्याला सिलेबल म्हणतात.”

“गॅस्-ट्रो-एन्-टे-रॉ-लॉ-जी.”

“किती?”

“तीन,” मावशी म्हणाली. पत्रे तीनच होते.

“मावशी, हनुवटीनं मोजा. डोक्यानं नको.”

हनुवटीनं सात भरले. मावशी चाट पडली. इतकी वर्षं तीन पत्र्यांत बसवलेला शब्द सात जागी हलत होता आणि तिला पत्ता नव्हता. कार्डिऑलॉजी दोन पत्र्यांचं, तर ते पाच जागी हललं. न्यूरॉलॉजीही दोन पत्र्यांचंच, पण ते चारात आटोपलं. पत्र्यांचा आणि तुकड्यांचा काही मेळच बसेना.

घरी येऊन तिनं सराव सुरू केला. पण आपलीच हनुवटी आपल्याच हातावर आपटली की ती मोजायचं विसरून जायची. शेवटी ताईच वैतागली. “इकडे ये,” म्हणाली, आणि चाचपडत हात पुढे करून तिनं धाकटीची हनुवटी तळव्यावर घेतली. “म्हण.”

“ऑफ्-थॅल्-मॉ-लॉ-जी.”

“पाच. पुढचा. आणि दात घासलेस ना?”

दोघी तासभर तशाच बसल्या. एकीची हनुवटी दुसरीच्या हातात, आणि तोंडी सगळ्या शरीराचे आजार. ताई कधी चुकली नाही. मोज्यांचे टाके मोजायची सवय होती तिला. मावशीला मात्र वाटत राहिलं की आपण बोलत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला ओवतंय.

इथवर तरी बरं होतं. चौथ्या दिवशी मॅडमनी ‘जोर’ काढला.

“हे सातही तुकडे सारखे म्हणायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “एकावर जोर द्यायचा. तो जरा लांब, जरा मोठा. बाकीचे लहान.”

“का?” मावशीनं विचारलं.

तिचा प्रश्न साधा होता. जन्मभर तिनं काय केलं, तर एकही घडी बाहेर येऊ दिली नाही. पन्नास चादरींच्या गठ्ठ्यात एक कड बोटभर पुढे दिसली तरी ती अख्खा गठ्ठा उलगडायची. आणि इथे ही पोरगी सांगत होती की एक कड मुद्दाम पुढे काढायची!

“इंग्रजी तसंच आहे,” मॅडम म्हणाल्या. “लॉजीवाल्या शब्दांत शेवटून तिसरा तुकडा धरा. कार्-डि-ऑऽ-लॉ-जी. ऑवर जोर.”

“पण तो ऑ म्हणजे कार्डिओतलाच ना? पहिल्या पत्र्याची शेपटी. आणि लॉजी हा वेगळा पत्रा. मग जोर बरोबर जोडावर?”

मॅडमनी कागदावर रेघा मारल्या. अर्थानं शब्द एका ठिकाणी तुटतो, त्या म्हणाल्या, कार्डिओ म्हणजे हृदय आणि लॉजी म्हणजे शास्त्र. पण बोलताना तो भलतीकडेच तुटतो. मावशीनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे चादर जिथं शिवलेली असते तिथंच दुमडत नाही, तसं?”

“अगदी तसं!” मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच पुढचा धडा काढला, आणि तिथंच घात झाला.

कार्डिऑऽलॉजी. पण ‘कार्डिओलॉऽजिकल’. जोर पुढे सरकला. फिजिओथेऽरपी, तिसराच. पण ऑर्थोपीऽडिक्स आणि पेडिअ‍ॅऽट्रिक्स, शेवटून दुसरा. का? तर शेवट ‘इक्स’ आहे. आणि लॅबोरेटरी? मॅडम जराशा अडखळल्या. तो एका देशात एका जागी आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या जागी, म्हणाल्या.

“आपण कुठल्या देशातला घ्यायचा?” मावशीनं घाबरून विचारलं.

त्या दिवसापासून मावशीच्या डोक्याचा पार भुगा झाला. बसस्टॉपच्या पाटीवर तिला जोर दिसू लागले. औषधाच्या दुकानात ती पाटीपुढे ओठ हलवत उभी राहिली तेव्हा दुकानदारानं खुर्ची आणि पाणी पुढे केलं. पुढेपुढे साधे आपले शब्दही तिला धड म्हणता येईनात. “ताई, पाऽणी देऊ की पाणीऽ?” असं तिनं एकदा खरंच विचारलं. ताई म्हणाली, “ग्लासातून दे.”

एकदा मात्र ताई थट्टेत बोलली नाही. हनुवटीखालचा हात न काढता ती म्हणाली, “धाकटे, नाही जमलं तर जा तिकडे. मी दुपारची जेवणारच नाही. न जेवलं तर इंजेक्शन नको, सोपं आहे.”

“गप्प बस,” मावशी म्हणाली. ताई बोलते ते करते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. “मोज. अ‍ॅ-नेस्-थे-सि-ऑऽ-लॉ-जी.”

परीक्षेच्या दिवशी शेड भरलेली होती. साहेब घड्याळ बघत उभे, मॅडम हाताची बोटं गुंफून उभ्या. मावशीनं माईक जवळ ओढला. हनुवटीखाली हात धरायचा मोह तिनं आवरला.

“चार नंबर. कार्डिऑऽलॉजी.”

सुरेख आलं. तुकडे पाच, जोर शेवटून तिसऱ्यावर, मधे कुठे थांबणं नाही. मॅडमचा चेहरा फुलला. आणि शेडमध्ये एकही माणूस हलला नाही.

“हे काय?” साहेब म्हणाले. “ऑऽ काय? कुठं दुखलं का बाई?”

“साहेब, तेच बरोबर आहे,” मॅडम पुढे झाल्या.

“बरोबर कसं? तीस वर्षं मी इथं आहे. कार्डिओलॉजी, कार्डिओलॉजी! सरळ आहे!” त्यांनी आपला शब्द रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखा एका उंचीत म्हटला.

“पण इंग्रजीत…”

“मॅडम, मीही इंग्रजीतच बोलतोय!”

आता साहेबही गोंधळले, कारण त्यांनी मनातल्या मनात तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला असावा. त्यांचे ओठ हलत होते. मावशी एकदा साहेबांकडे, एकदा मॅडमकडे बघत राहिली. पत्र्यांची तऱ्हा आठ दिवसांत मोडून टाकली होती. मॅडमची तऱ्हा साहेबांना चालेना. साहेबांसारखं म्हणायला गेली तर जीभ आपोआप तिसऱ्यावर ताणली जाई. शिकल्यामुळे माणूस इतका अडाणी होऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. शहराबाहेरची बस तिला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातला नंबर वर धरला. “अहो बाई, चार नंबर हृदयाचा ना? की आणखी कशाचा?”

“हृदयाचा, हृदयाचा,” मावशी म्हणाली. माईक चालूच होता. “या काका, डावीकडे. दुसरं दार.”

काका उठले. मावशीनं पुढची चिठ्ठी घेतली. “नऊ नंबर. गॅस्ट्रोएन्टे…” पुढे काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. जोर कुठेतरी सांडला. “पोटाचं. सरळ जा, जिन्याशेजारी.” नऊ नंबर उठला. “अकरा नंबर, डर्मॅटॉलॉजी, त्वचेचं, उजवीकडे.” अकरा नंबर उठला. “ऑफ्थॅल्मॉलॉजी, डोळ्यांचं. नातेवाइकांनी हात धरून आणा, पायरी आहे.”

दहा मिनिटांत निम्मी शेड मोकळी झाली. असं दोनदोनदा सांगणं नियमात होतं की नाही हे साहेबांना आठवत नव्हतं, आणि विचारायला त्यांच्या वरचा कुणी जवळ नव्हता. शेवटी ते म्हणाले, “उद्यापासून या,” आणि आदेशाच्या कागदावर सही करून, तो तिच्या हाती देऊन निघून गेले.

मावशी धावतच घरी गेली. ताईला तिनं तीनतीनदा तीच हकीकत सांगितली.

कागद मात्र तिनं धड वाचला नव्हता. शब्दांच्या नादात आठ दिवस गेले आणि एक साधी गोष्ट तिनं कुणाला विचारलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या शिपायानं ती सहज सांगितली. माईक नऊला सुरू, दोनला बंद. मधे उठायचं असेल तर बदली माणूस बसवायचा, आणि बदली माणूस नव्हता.

“म्हणजे साडेबाराला…”

“आवाज बंद पडला की साहेब खिडकीत येतात,” शिपाई म्हणाला. “आधीच्या बाई पाणीसुद्धा बसल्या जागी प्यायच्या.”

सकाळच्या इंजेक्शनवर दोनपर्यंत उपाशी राहिली तर ताईला चक्कर यायची. चार वर्षं ती दिसली नाही, ऐकू आली नाही, म्हणून ताईचं दुपारचं जेवण वेळेवर झालं. आता तिचा आवाज साऱ्या आवारात, भिंतीपलीकडे गल्लीतही घुमत होता. तो पाच मिनिटं थांबला तरी सगळ्यांना कळणार होतं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच हातचं गेलं होतं. आणि ताई? ती न जेवता बसेल, विचारलं तर जेवले म्हणेल.

बारा वाजले, सव्वाबारा झाले. मावशीनं हाडांच्या माणसाला डोळ्यांकडे पाठवलं. त्याला परत बोलावलं. न्यूरॉलॉजी म्हणताना मधेच गप्प झाली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली. साडेबाराला तिनं नंबरच चुकीचा पुकारला. समोरची माणसं बुचकळ्यात पडून बघू लागली. घड्याळाचा काटा सरकत होता आणि तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं.

बारा चाळीसला शेडच्या दारात गलबला झाला. लोक वाट देत होते. ताई होती. केस विस्कटलेले, एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात मावशीची, काखेत डबा, आणि इंजेक्शनची पिशवी छातीशी धरलेली.

“ताई!” मावशी किंचाळली. “तू आलीस कशी?”

“भिंत धरून,” ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. “भिंत संपल्यावर तुझ्या आवाजावर. तोही कसला, सारखा बंद पडत होता. दोन वेळा मी मधेच उभी राहिले. सकाळी छान चालली होतीस. सव्वाबारापासून चुकायला लागलीस, तेव्हाच ओळखलं मी, घड्याळ बघतेय आणि उठता येत नाहीये हिला.”

मावशीनं तिला ओढून शेजारच्या स्टुलावर बसवलं. औषध भरलं, रेघ दोनदा तपासली. “बाही वर कर. जरा दुखेल. आणि तू मेली असतीस तर रस्त्यात? गाड्या येतात तिथं! चार वर्षं म्हणतेय चल जरा फिरून येऊ, तेव्हा नाही सुचलं!”

“चार वर्षं मला कुणाला शोधायला जायचं नव्हतं,” ताई म्हणाली. “टोच आता. भूक लागलीय.”

सगळं आवार इतकं शांत का झालं हे मावशीच्या ध्यानात आलं नाही. तिनं मान वर केली तेव्हा साहेब समोर उभे होते.

“बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “माईक चालू आहे.”

मावशीचा हात बटणाकडे गेला, पण बटण सापडेना. पहिल्याच दिवशी नोकरी गेली असं समजून ती उभी राहिली. पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी बाई म्हणाली, “राहू द्या हो साहेब. आमचं थांबेल. त्यांना आधी जेवू द्या.” आणखी दोघांनी “हो, हो,” म्हटलं.

साहेबांनी शेडकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, “ते स्टूल रोज इथंच राहू दे.” आणि माईकवरून हात नेऊन त्यांनी स्वतः बटण बंद केलं.

मावशीनं डबा उघडला. ताईच्या हातात चमचा दिला तेव्हा तिचे डोळे इतके भरले होते की तिलाही समोरचं काही दिसत नव्हतं.